दुहेरी आळं

आधीच कबूल करतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. ऑफिसात कुणी "आमच्या गावच्या विहिरीपाशी ना..." अशी सुरुवात केली की मागून "हूंऽऽ" असा आवाज काढणारा माणूस म्हणजे मी. वाचकांच्या अशा अनुभवांचं हे सदरसुद्धा मी हसायला म्हणूनच वाचायचो. आता हसायची पाळी तुमची. हसा... अर्ध्या वाटेपर्यंत मीही तुमच्याबरोबर हसणार आहे, कारण त्या दिवशी मी जे केलं ते हसण्यासारखंच होतं.

मी नागपूरचा. पाटबंधारे खात्यात कारकून. हे नीट लक्षात ठेवा — पाटबंधारे! वीस वर्षं पाण्याच्या फायली चाळतो आहे, आणि तरीही माझ्या बाबांचं माझ्याबद्दलचं मत शेवटपर्यंत एकच होतं : "याले पाणी नाही कळत."

त्याला कारण होतं. नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग. बाबा प्रत्येक झाडाला दुहेरी आळं करायचे. म्हणजे बुंध्याभोवती मातीचा एक गोल बांध, आणि हातभर जागा सोडून बाहेर दुसरा. पाणी त्या दोन बांधांच्या मधून फिरतं, बुंधा कोरडा राहतो. संत्र्याच्या बुंध्याला पाणी लागत राहिलं की डिंक गळतो आणि झाड जातं. आळं भरलं की बाबा त्याचं तोंड मातीनं बुजवायचे आणि त्यावर डाव्या टाचेनं दोनदा दाबायचे. थप, थप. मग पुढचं झाड.

मी दहावीत असताना एकदा मला झाडांना पाणी द्यायला ठेवून ते गावात गेले. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर जरा आडवा झालो... आणि झोपलो. बांध फुटले. सहा झाडांचे बुंधे पाण्यात उभे राहिले आणि वर्षभरात सहाही झाडं गेली. बाबांनी मारलं नाही. फक्त ते एक वाक्य बोलले, आणि मग बोलतच राहिले. पाहुण्यांसमोर, माझ्या लग्नात, नोकरीचे पेढे वाटतानासुद्धा.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. माझी मुलगी जुही आठ वर्षांची आहे, म्हणजे तिनं त्यांना पाहिलेलंच नाही. बाग आता चुलतभाऊ बघतो. सगळीकडे ठिबकच्या नळ्या आल्या, आळी कधीच बुजली.

तर, त्या आठवड्यात गुरुवारची मी रजा टाकली होती, शुक्रवारची सुट्टी होती, पुढे शनिवार-रविवार. गुरुवारी सकाळी माझा साळा प्रशांत सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक निळा तंबू घेऊन दारात उभा.

"भाऊजी, चला, समुद्र पाहाले."

"कधी?"

"आता."

"अबे, समुद्र काय अंबाझरी तलाव आहे का, गाडी काढली अन् गेलो?"

"जुहीनं नाही पाह्यला, मी नाही पाह्यला, तुम्ही तर चव्वेचाळीसचे झाले तरी नाही पाह्यला. काहून टाइमपास करून राहिले? बॅग भरा!"

तंबूवर 'चार व्यक्तींसाठी' असं लिहिलेलं होतं. त्या चौघांना बहुधा एकावर एक रचायचं असावं. माझी बायको साधना नर्स आहे, तिला ड्यूटी होती. ती यायची नव्हती, पण निघताना तिनं एकच अट घातली. "पोरीले पाण्याजवळ एकटं सोडू नका. एक मिनिट बी नाही."

"नाही वं! मी काय येडा आहो का?" मी म्हणालो.

हजारेक किलोमीटर. मी आणि प्रशांत पाळीपाळीनं गाडी चालवत रात्रभर जागे होतो. शुक्रवारी सकाळी सातला सिंधुदुर्गातल्या त्या गावी पोचलो. नाव सांगत नाही, उगाच तिथल्या लोकांना त्रास नको. एक रस्ता, एक देऊळ, चार दुकानं, सुरूचं बन, आणि बन संपलं की... समुद्र.

मग जुही म्हणाली, "मामा, याचा दुसरा काठ कुठे आहे?"

"दिसून नाही राहिला," प्रशांत गंभीरपणे म्हणाला. "धुकं असंल."

बनाजवळची वाळू भुसभुशीत होती, तंबूच्या खुंट्या बसेनात. पण खाली उतरून पुढे गेलो तर काय सांगू! सपाट, घट्ट, रोलर फिरवल्यासारखी जमीन. पाणी बरंच दूर. एवढी फर्स्ट क्लास जागा सोडून गावकरी वर का राहतात, असंही मला वाटून गेलं. तिथे तंबू ठोकला.

"बाबा, इथली वाळू ओली का आहे?" जुहीनं विचारलं.

पाटबंधारे खात्याचा कर्मचारी म्हणाला, "दव पडलं असंल, बेटा."

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. शाळेत पाठ केली होती, चंद्राच्या आकृतीसकट. पण आमच्या अंबाझरीचं पाणी कधी उठून अंगावर चालत आलं नव्हतं हो! पुस्तकातलं पाणी आणि हे समोरचं पाणी एकच आहे, हे डोक्यात शिरलंच नाही.

खिचडी खाल्ली, तिघंही झोपलो. अकराच्या सुमारास मला जाग आली. साधनाला फोन करायचा होता, वाळूत रेंज नव्हती. खरं कारण सांगू? चहा हवा होता. प्रशांतला हलवलं. "लक्ष ठेव पोरीवर." "हो भाऊजी," तो म्हणाला. डोळे न उघडता म्हणाला, हे मी पाहिलं होतं. तरी गेलो.

वर रस्त्याच्या कडेला एका म्हातारीचं चहाचं दुकान होतं.

"खंयसून इलात?"

"नागपूरहून, मावशी."

"बापरे! आणि रवतलात खंय?"

"तंबू आहे ना आमचा. खाली वाळूत."

"सुक्या वाळूत मां?"

"नाही, तिथे खुंट्या बसत नव्हत्या. पुढे मस्त कडक वाळू आहे, तिथे..."

गाळणं धरलेला तिचा हात थांबला. "अरे म्हाराजा! आज अवस, पाणी चढता हा! तंबूत कोण आसा?"

पळालो. एक चप्पल रस्त्यात गेली, दुसरी बनात. साधनाचं ते एक मिनिट डोक्यात घण घालत होतं. बनाच्या टोकाला आलो आणि... वाळू नव्हतीच. सकाळी जिथे आम्ही उतरत गेलो होतो तिथे सगळं पाणी. आणि दूर, त्या पाण्याच्या मधोमध, आमचा निळा तंबू.

उभा होता. कोरडा.

मी पाण्यात शिरलो. गुडघा, मग मांडी. लाटा मागेपुढे ओढत होत्या. तंबू दहा पावलांवर आला तेव्हा पायाभोवतीचं पाणी एकदम कमी झालं आणि मला ते दिसलं. तंबूभोवती वाळूचा गोल बांध. हातभर सोडून बाहेर दुसरा. मोजून आखल्यासारखे. समुद्र बाहेरच्या बांधाला धडकत होता, वरून थोडं पाणी आत पडत होतं, आणि ते दोन बांधांच्या मधून शांतपणे गोल फिरत होतं. संत्र्याच्या झाडाभोवती फिरतं तसं. आतल्या बांधाच्या आत थेंब नव्हता.

किनाऱ्यावर किल्ला केलेलं कुठलंही पोर सांगेल, वाळूचा बांध पहिल्या लाटेत विरघळतो. हा विरघळत नव्हता.

बाहेरच्या बांधाला, समुद्राच्या बाजूनं, एक बुजवलेलं तोंड होतं. त्यावर टाचेच्या दोन खुणा. शेजारी शेजारी.

किती वेळ बघत राहिलो माहीत नाही. बहुतेक क्षणभरच. तंबूतून जुहीचा आवाज आला.

"बाबा, सांभाळून या. बांध तुडवायचा नाही, आजोबांनी सांगितलंय."

ती मांडी घालून बसली होती. अंगावरची चादरसुद्धा कोरडी. शेजारी प्रशांत घोरत होता. त्याला लाथ घातली, जुहीला खांद्यावर घेतलं आणि दोन्ही बांध ओलांडून निघालो. चार-पाच पावलं गेलो असू. मागे आवाज झाला म्हणून वळलो तर एकच लाट आली आणि दोन्ही बांध साखरेसारखे गेले. तंबू एकदा फुगला, आडवा झाला, गेला.

बनात येऊन बसलो.

"कोण आजोबा, बेटा?"

"आले होते ना. फावडं घेऊन. तंबूच्या खिडकीतून दिसत होते. मी उठायला लागले तर म्हणाले, बसून राय वं माय, बुंध्याले पाणी नाही लागू देत मी."

प्रशांतनं विचारलं, "अजून काय म्हणाले?"

"विचारलं, तुझा बाप कुठं गेला? मी म्हटलं, चहा प्यायला." जुही केसातली वाळू काढत होती. "तर म्हणाले, हो... असाच हाय तो."

प्रशांत माझ्याकडे वळला. "भाऊजी, मी नाही केलं. आईशप्पथ. मी तर झोपलो होतो." पोरीवर लक्ष ठेवायचं सोडून झोपलो, ही कबुली माणूस शपथेवर देत होता! आणि करणार कशानं? आमच्याजवळ एक स्टीलची थाळी आणि एक कढई होती.

चहावाली मावशी दोन कोळ्यांना घेऊन धावत आली. मी त्यांना विचारलं, तंबूभोवती इथल्या कुणी खणलं का? वाळूत काठीनं काढूनही दाखवलं. "असलो बांध आमी कधी बघूक नाय," त्यातला एक म्हणाला. मावशीनं जुहीच्या हातात बिस्किटं दिली आणि मला मात्र चहा दिला नाही. बरोबरच होतं.

मग मी मन लावून कारणं शोधली. पोरगी घाबरली, तिनं मनानं रचलं. ठीक. पण बांध मी पाहिला, प्रशांतनं ओलांडला. लाटांनीच तशी वाळू साचली असेल. ठीक. एक गोल असेल, पण दोन? आणि टाचा? बाबांनी तर उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

साधनाला मी सांगितलं की तंबू वाऱ्यानं उडाला. हे वाचेपर्यंत तिला तेवढंच माहीत आहे. पुढचं माझं मी बघून घेईन.

परत आल्यावर दुसऱ्या रविवारी सकाळी बाल्कनीत गेलो तर जुही मोगऱ्याच्या कुंडीपाशी बसलेली. बोटानं मातीत गोल करत होती. रोपाभोवती एक, त्याच्या बाहेर दुसरा. दोन्हींच्या मधे तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडली. पाणी गोल फिरलं. मग तिनं तोंड बुजवलं आणि अंगठ्यानं दाबलं. दोनदा.

"थांब, मी घालतो पाणी," मी म्हणालो.

तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "राहू द्या बाबा. तुम्हाला पाणी नाही कळत."

अकरा वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी तर नाहीच, कोण सांगतं पोरीला अशी गोष्ट? साधनाला आडून विचारलं, ती नाही म्हणाली. जुहीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला माहीत आहे ते."

आजही मला यातलं काही उलगडलेलं नाही. कुणाला उलगडलं तर जरूर लिहा, मी टिंगल करणार नाही. आमच्याकडे कुंड्यांना पाणी आता जुहीच घालते. तेवढा वेळ मी तिथे स्टूल टाकून बसतो. शेवटच्या कुंडीतलं पाणी मुरेपर्यंत उठत नाही. चहासाठीसुद्धा नाही.