जगदेवचे सोज्वळ खेकडे

जगदेवला खेकड्याचा मंत्र येतो, असं सगळ्या रिसोडात झालं होतं. म्हणे तो नदीत उतरतो, ओठातल्या ओठात काही पुटपुटतो, अन् खेकडे आपणहून त्याच्या हातात येऊन बसतात. नांगी उगारत नाहीत, की चावत नाहीत. ही बातमी शेजारच्या फय्याज टेलरनं उठवली. फय्याजच्या घरी खेकडा खात नाहीत, त्यामुळे त्याला खेकड्यावर बोलायला वेळच वेळ.

मंत्रबिंत्र काही नव्हतं. पाण्यात वाकलं की जगदेवच्या कमरेत चमक भरायची अन् तो तिला शिव्या घालायचा, तेच ते पुटपुटणं. खेकडे मात्र खरंच चावत नव्हते. पण खुलासा करायची घाई जगदेवला कुठली? बाबूलालच्या हॉटेलात त्याचा चहा बसल्या जागी यायला लागला, तेव्हापासून तर तो चहा पितानाही पुटपुटू लागला.

धंदा त्याचा बारदान्याचा. खताची, बियाण्याची रिकामी प्लास्टिकची पोती गोळा करायची, नदीतल्या एका चपट्या दगडावर ब्रशनं घासायची, वाळवायची अन् सोयाबीनच्या हंगामात विकायची. उन्हानं खाल्लेली पोती घासली की पाण्यात निळा भुसा पसरायचा. "मळ निघून राह्यला," जगदेव खुशीत म्हणायचा. काम आटोपलं की त्याच दगडाखालच्या कपारीत हात घालून तो खेकडे काढायचा. पूर्वी त्या दगडाला गोगलगाई डकलेल्या असत. आता एकही दिसत नव्हती. आपल्या ब्रशानं नदीचा दगडही स्वच्छ झाला, एवढाच अर्थ त्यानं काढला.

अशात लेक वैजयंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ गुटगुटीत, पण बाळंतिणीला उठता-बसता भोवळ. मालेगावहून इहीनबाई पाहायला आल्या अन् सुनेचं मनगट हातात घेऊन म्हणाल्या, "पोट्टी वाळून गेली न बाप्पा! तुमच्याच्यानं होत नसन तं सांगा. लेकरासकट घेऊन जातो आमी."

पहिल्या बाळंतपणातून लेक परत नेली तर बाबूलालच्या हॉटेलात चहा कसला, कपही मिळणार नव्हता. जगदेव छाती काढून म्हणाला, "एक डाव खेकड्याचा रस्सा पाजतो तिले. मंग बोला. साधे खेकडे नाहीत ते!"

दुसऱ्या दिवशी जगदेवच्या बायकोनं, तुळसाबाईनं, खेकडे खलबत्त्यात कुटले अन् गाळले. पातेल्यात आलं ते गढूळ पाणी. खेकडे आतून पोकळ, मांस नखाएवढं. अन् गाळणीत राहिला निळ्या धाग्यांचा गुंता.

इहीनबाईंनी तो चिमटीत उचलला. "हे काय व माय? खेकडे होय का स्वेटर?"

जगदेव बायकोवर घसरला. "तुह्या लुगड्याचा दोरा पडला असन त्यात!"

"माह्यं लुगडं लाल हाय," तुळसाबाई म्हणाली. "इतक्या वर्सात पाह्यलं नसन तं आज पाहून घ्या."

भांडण कुंपणापलीकडे गेलं अन् फय्याज न बोलावता आला. टेलर म्हणून धाग्याचा निवाडा त्याच्याकडेच. त्यानं धागा ओढला, आगपेटीच्या काडीनं जाळून वास घेतला, मग दाराशी लागलेल्या पोत्यांच्या थप्पीजवळ धरला. निळ्याला निळा.

"वा जगदेवभाऊ! तुमचा बारदाना तं खेकड्याच्या पोटात सापडला!"

खाटेवरून वैजयंती म्हणाली, "मायक्रोप्लास्टिक म्हन्तात त्याले, बाबा. गाळासंगं हे पोटात जाते. खेकड्याले वाटते पोट भरलं, मंग तो खातच नाही. चावायले अंगात ताकद नको?"

मंत्राचं कोडं तिथंच सुटलं. इहीनबाईंनी पिशवी भरायला घेतली. "उद्या दुपारच्या एसटीनं निघतो आमी. सून घेऊनच."

सकाळी जगदेव आपल्या दगडाकडे फिरकलाही नाही. नदीच्या वरच्या अंगाला, जिथं कधी कोणी पोतं बुडवलं नाही, तिथं गेला. दगडांवर गोगलगाई होत्या. त्यानं बिळात हात घातला अन् अशी किंकाळी फोडली की धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. खेकडा बोटाला लोंबकळत होता. जगदेवनं त्याला सोडवला नाही; दुसऱ्या हातानं आणखी चार-पाच पिशवीत भरले अन् तो तसाच घरापर्यंत आणला.

त्या दिवशीचा रस्सा दाट होता. वैजयंती वाटीभर प्यायली. चव पाहायला म्हणून इहीनबाईंनी घेतला, मग आणखी घेतला. दुपारची एसटी मालेगावला गेली, पिशवी खुंटीलाच राहिली.

संध्याकाळी जगदेव अंगणात काठीनं पोती झटकत होता. धूळ फय्याजच्या दुकानात, नव्या शिवलेल्या सदऱ्यांवर चालली होती. फय्याज खोकत बाहेर आला अन् जगदेवच्या बोटाला बांधलेली चिंधी पाहून खुलला.

"काहून जगदेवभाऊ, मंत्र इसरले काय?"

जगदेवनं काठी थांबवली.

"इसरलो, फय्याजभाई. चावला म्हनून गावभर सांगा. अन् संगं हेबी सांगा, का कोनी बारदाना नदीत धुवाले नेऊ नका. नाही तं मले पुन्हा मंत्र यायले लागन."