बाबांचा गार पाय

माझ्या बाबांवर अन्याय झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, आमच्या अधारताल भागातल्या मुख्य रस्त्यावरच्या एका दवाखान्यात. वेळ पक्की आठवते, कारण स्कूटीवर बसवून त्यांना तिथे मीच नेलं होतं.

त्या दवाखान्यात चपला बाहेर काढाव्या लागतात. बाबा अनवाणी आत गेले, अनवाणी वजनकाट्यावर चढले, अनवाणी स्टुलावर बसले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, बीपी घेतलं आणि म्हणाले, "अंकल, मीठा अभी भी चल रहा है ना? मरना है क्या?" बाबा हसले. कंपाउंडर हसला. मीही हसले. इतक्या वर्षांच्या शुगरचे ते उघडे पाय टेबलाखाली होते, आणि खोलीतल्या एकानेही खाली वाकून पाहिलं नाही.

आणि मला माहीत होतं! पाडव्याला नमस्कार करताना हाताला लागलं होतं: डावा पाय उजव्यापेक्षा गार. बोललेसुद्धा मी. बाबा म्हणाले, "थंडी पडून राहिली नं, पोरी. पाय काय भट्टीत ठेवू?" दवाखान्यात सांगायचं ठरवून गेले होते. पण बाहेर रांग, डॉक्टरांचा हात पुढच्या चिठ्ठीवर. वॉर्डातल्या नाल्यासाठी भर चौकात घोषणा देणारी मी, तिथे तोंडातून शब्द निघाला नाही.

पुढे बाजारात चालताना त्यांची पोटरी भरून यायची. दहा पावलं चालले की दुकानासमोर थांबायचे, भाव विचारल्यासारखं करायचे. जानेवारीत पाय फारच गार पडला. मग मी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि टॉवेलही न गुंडाळता ती पायाखाली ठेवली.

"जास्त गरम नाही ना?"

"काहीच नाही लागून राहिलं. अजून गरम आण."

मी अजून गरम आणलं.

सकाळी अंगठ्याला फोड होता. शुगरने पाय बधिर झालेला, बाबांना कळलंही नव्हतं; चादर ओली दिसली तेव्हा आई ओरडली. काही दिवसांत अंगठा काळा पडला.

मोठ्या इस्पितळात भेटलेली डॉक्टर माझ्याच वयाची, नागपूरची. तिने बाबांचा पाय हातात घेतला, घोट्यापाशी नाडी चाचपली, बराच वेळ चाचपली. मग मला आणि आईला बाहेर बाकावर बसवून तिने सांगितलं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. त्याच्या एकेका पेशीला अगदी बारीक दारं असतात. दारातून कॅल्शियम आत आलं की स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. दारं मिटली की सैल पडतो. सगळ्यांच्याच अंगात हे अखंड चालू असतं. पण वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की ही दारं गरजेपेक्षा जास्त उघडी राहायला लागतात. आतलं अस्तर स्नायूला 'सैल हो' असा निरोप देत असतं, तोही क्षीण होतो. वाहिनी मूठ वळून बसते.

आई घाबरून म्हणाली, "मी तं रोज दूध देत होती यांना. त्याच्या कॅल्शियमनं झालं का?"

"नाही काकू. दुधाचा काही दोष नाही."

"मग ती दारं बंद करा नं!" मी म्हटलं. माझा आवाज चौकातला निघाला.

"त्यांची बीपीची गोळी तेच करते," ती म्हणाली. "बीपी त्याने उतरतं. पण पायातली वाहिनी नुसती आवळलेली नाही, आतून थर साचून बुजलीय. ती गोळीने उघडणार नाही. थोडं आधी आला असता तर..."

समोर कुणीतरी असतं, म्हणून मला भांडता येतं. इथे मुर्दाबाद कुणाला म्हणू? डोळ्यांना न दिसणाऱ्या दाराला? त्या सोमवारच्या डॉक्टरला म्हणीन, म्हणणारच आहे. पण गरम पाणी त्याने नाही भरलं.

अंगठा काढला. जखम भरत नाही. ड्रेसिंग मी करते, तेव्हा बाबा छताकडे बघत राहतात. काल म्हणाले, "काहून वं, तोंड काहून एवढंसं? इथंबी पत्रक वाटशील का?" मग हळूच, "ग्वारीघाटला नदीच्या पाण्यात उभं राहता येईल नं मला?" घोट्याच्या वरून कापायचं की नाही, ते पुढच्या आठवड्यात ठरणार आहे. मी कापसाचा बोळा उगीच पुन्हा बुडवला.

तुमच्या घरी शुगरचं माणूस असेल. आज जेवायच्या आधी त्याचे दोन्ही पाय मांडीवर घ्या. बोटांच्या फटी बघा, टाचा बघा, एक पाय दुसऱ्याहून गार आहे का ते दोन्ही हातांनी बघा. गार असेल तर शेक देऊ नका, उद्याच दवाखान्यात न्या. आणि तिथे डॉक्टरने पायाची नाडी स्वतः चाचपल्याशिवाय त्याला घरी आणू नका. मागची रांग ओरडेल. ओरडू द्या.