करामातला बर्फ आणि मामांची पश्चिम

आमच्या ह्यांच्या मामांइतका डोक्याला ताप देणारा माणूस अख्ख्या दुबईत दुसरा झाला नसेल, आणि त्यात शारजा धरली तरी माझं मत बदलणार नाही. डिसेंबरात आमच्या करामा भागातले लोक खिडक्या उघडतात आणि सुखाने चहा पितात. मामा बर्फ पाडायचे! त्यांची लेक अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एका डोंगराळ गावात असते. एका नाताळात मामा तिच्याकडे गेले, आणि तिथे त्यांनी बर्फातून निघालेली कापडी छपराच्या घोडागाड्यांची मिरवणूक पाहिली. नंतर शेकोटीभोवती बसून गावकऱ्यांनी अशाच गाड्यांतून पहिल्यांदा पश्चिमेला आलेल्या आपापल्या पूर्वजांची नावं घेतली. मामा परतले ते काउबॉय टोपी घालूनच. "अगं, पश्चिमेला तर आपणही आलो! रत्नागिरीहून दुबई कुठे? नकाशा बघ. आपण पायोनियर!"

"वायव्येला," मी म्हटलं. चुकीची दिशा मला खपत नाही.

"वायव्येत अर्धी पश्चिम असतेच," असं म्हणून त्यांनी आमच्या बिल्डिंगचं पार्किंग ताब्यात घेतलं, ते दर नाताळला. रास अल खोर भागात त्यांचं मासळीचं कोल्ड स्टोअरेज. तिथला कुटलेला बर्फ पिकअपमध्ये भरायचा, वर प्लास्टिकचे पाइप वाकवून त्यावर मामींची चांगली डबल चादर ताणायची, की झाली घोडागाडी. त्या बर्फाला बांगड्याचा इतका वास, की गल्लीतली झाडून सगळी मांजरं नाताळला हजर. वॉचमन ओरडायचा, "मामाजी, पानी लिफ्ट में जाएगा!" मामांचं उत्तर ठरलेलं, "हबीबी, पानी नहीं, स्नो है!" माझी मुलगी नाक दाबून म्हणायची, "मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि सगळ्यात आधी बर्फात तीच लोळायची. पुसायचे वायपर, गोणपाटं, मॅनेजमेंटची परवानगी, सगळं माझ्याकडे. मामांकडे फक्त टोपी.

हेही मी चालवून घेतलं असतं. माझा राग वेगळाच होता. बर्फ वितळायच्या आत मामा खुर्चीवर चढून आपल्या पायोनियरांची नावं पुकारायचे. लाँचमधून आलेले बापू, वाळूत पहिली क्रेन चालवणारे नाना, अल मनखूलला पहिली पिठाची गिरणी टाकणारे अण्णा. प्रत्येक नावाला टाळ्या. आणि लग्नानंतर दोन महिन्यांत इथे येऊन, एका खोलीच्या संसारात या सगळ्यांचे डबे भरणाऱ्या मामी? त्या कोपऱ्यात चवळीची उसळ वाढत उभ्या. मामांच्या लेखी ते काउबॉय बीन्स.

गेल्या नाताळपर्यंत मी गप्प बसले. पण मामांनी धंदा विकला होता, जानेवारीत दोघं कायमची रत्नागिरीला निघाली होती. आता राहिलं तर राहूनच गेलं असतं. अण्णांच्या टाळ्या थांबताच मी विचारलं, "मामा, मामींचं नाव?"

"ती? ती तर घरचीच!"

"घरचीच म्हणजे काय? बापू काय वाळू खाऊन राहिले?"

बायका हसल्या. कोणीतरी ओरडलं, "नाव घ्या, मामा, नाव घ्या!" आणि मग सगळं पार्किंगच ओरडायला लागलं. मामा लालबुंद. साऱ्या गल्फची नावं तोंडपाठ असलेल्या या माणसाने बायकोला जन्मभर "अगं ए" अशीच हाक मारलेली.

"उखाणा-बिखाणा येत नाही मला," ते पुटपुटले. टोपी काढली. खुर्चीवरून उतरले. मग, पुकारायचं विसरून, अगदी हळू म्हणाले, "मालती. ऑगस्टात आली. खोलीत एसी नव्हता. पण एकदा रडली नाही."

मामींनी उसळीचा डाव खाली ठेवला.

"रडले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही कामावर असायचात."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मामा ओल्या फरशीवरून मामींच्या शेजारी गेले, त्यांनी उसळीचं पातेलं आपल्याकडे ओढलं आणि ते लोकांना वाढायला लागले. निम्मी उसळ सांडली. मी वायपर आणायला उठले नाही.