आउफलाउफ आले हो!

जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनच्या ग्रुपमध्ये किस्से मुद्दाम कोणी करत नाही. नाताळच्या जेवणाला चार घरं एकत्र येतात, प्रत्येक जण घरून काहीतरी भाजून आणतो आणि निघताना रिकाम्या भांड्याबरोबर एखादा किस्सा घेऊन जातो. भांडी निदान परत मिळतात, किस्से मात्र वर्षभर फिरत राहतात!

हे जेवण सव्वीस डिसेंबरचं. इथे त्या दिवशीही सुट्टी. दुकानं बंद, जर्मन लोक आपापल्या नातेवाइकांकडे. आपण जायचं कुठे? म्हणून मीच सगळ्यांना बोलवायला लागले. नियम एकच, मेन डिश माझी आणि बाकीच्यांनी तोंडी लावायला एकेक आउफलाउफ आणायचा. म्हणजे भाजी, बटाटे, क्रीम असे थर लावायचे, वर चीज किसायचं आणि ओव्हनमध्ये ढकलून द्यायचं. इतकं सोपं! तरी घोटाळे होतातच.

*

निखिल तेव्हा पुण्याहून नुकताच आला होता. एकटा जीव, आणि आल्यापासून सगळा वेळ फॉर्म भरण्यात चाललेला. घराचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, विम्याचा फॉर्म. त्याला मी मेसेज टाकला, "येताना आउफलाउफफॉर्म तुझा तू आण."

आता जर्मनमध्ये 'फॉर्म' म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचं भांडं. हे त्याला कोण सांगणार?

लगेच फोन आला. "ताई, हा ऑनलाइन भरता येतो, की ऑफिसात जायला टेर्मिन घ्यावी लागते?"

मला वाटलं, पोरगं गंमत करतंय. मी म्हटलं, "कसाही भर, पण भरून आण म्हणजे झालं!"

सव्वीसला निखिल दारात हजर. हातात प्लास्टिकची फाइल, आत पासपोर्टच्या झेरॉक्स. "फॉर्म काही सापडला नाही, ताई. पण फोटो बायोमेट्रिकच काढून आणलेत!"

*

सुहास इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. स्वयंपाकातलं त्याला एकच येतं, वांग्याचं भरीत. दरवर्षी तेच भरीत तो भांड्यात थापतो, वर बोटभर चीज घालतो आणि आउफलाउफ म्हणून आणतो. त्याची बायको मुग्धा ते भांडं टेबलाच्या अगदी टोकाला ठेवते आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही असा चेहरा करते.

आमच्या खालच्या मजल्यावर फ्राउ बॉयम्ले राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, त्यामुळे आमच्या टेबलावर त्या हक्काने असतात. त्यांनी पहिल्यांदा ते भरीत खाल्लं आणि विचारलं, "हे कुठल्या भागातलं? बव्हेरियातलं का?"

सुहासची कॉलर ताठ! "बघा, कशावरही चीज किसलं की ते जर्मन होतं. माझ्या डोक्यावर किसलं असतं तर पासपोर्ट कधीच मिळाला असता!"

*

एका वर्षी मला फ्लू झाला, म्हणून मेन डिश बाकीच्यांवर सोपवली. सुहासला वाटलं, निखिल करतोय. निखिलला वाटलं, मुग्धा करतेय. मुग्धाने तर आपल्याला काही वाटण्याचा संबंधच नाही असं ठरवलं होतं.

टेबलावर भांडी मांडली. बटाटा-पालक. बटाटा-मेथी. सुहासला नेमकी वांगी मिळाली नव्हती, म्हणून त्याचंही बटाटा-ब्रोकोली. शेवटी फ्राउ बॉयम्ले आल्या, त्यांचं बटाट्याचं ग्राटिन घेऊन! त्यांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "कार्टोफेल मिट कार्टोफेल."

थोडक्यात, बटाट्याबरोबर बटाटा! माझा नवरा अभय शांतपणे म्हणाला, "त्यातला एक बटाटा मेन समजा, बाकीचे तोंडी लावा."

*

माझे सासू-सासरे, म्हणजे आई आणि नाना, दर हिवाळ्यात पुण्याहून आमच्याकडे यायचे. आमच्या ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं जर्मनमध्ये. एकदा आजीने तिला स्वयंपाकघरातून विचारलं, "ईरा, बाहेर आउफलाउफ उरलाय का गं?"

जर्मनमध्ये एखादी गोष्ट संपली की तिला 'आले' म्हणतात. ईरा बाहेरून ओरडली, "आउफलाउफ इस्ट आले!"

आई लगबगीने पदर सारखा करत बाहेर आल्या. "आले तर आत बोलाव ना गं, थंडीत कशाला उभं केलंस त्यांना!"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर कुठलंही भांडं रिकामं झालं की ते हाक द्यायचे, "पाहुणे आले हो!"

*

आता यंदाचं सांगते.

यंदा आई एकट्याच आल्या. नाना जूनमध्ये गेले.

पुण्याच्या घरी आई कधी नानांबरोबर जेवायला बसल्या नाहीत. आधी त्यांना गरम पोळी वाढायची, मग आपण बसायचं. इथे आउफलाउफमुळे ती कटकटच नव्हती. भांडं टेबलावर आलं की वाढणारी मोकळी! दोघं शेजारी शेजारी बसायचे, आणि आईंना त्याचं फार अप्रूप होतं.

यंदा मात्र आल्यापासून एकच वाक्य, "तुम्ही बसा, मी मागून बसते." आणि मागून काय, तर दोन घास दहीभात, तोही ओट्याशी उभ्याने. मला ते बघवत नव्हतं. निदान नाताळला त्यांनी आमच्यात बसून जेवावं, एवढंच मला हवं होतं.

सव्वीसला सगळ्यांनी प्रयत्न केले. अभयने हाताला धरलं. ईराने चक्क मराठीत "आजी, ये ना" म्हटलं. सुहास तर म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी भरीत बिनचीजचं केलंय!" त्याच्या दृष्टीने हा केवढा त्याग!

"बसा रे तुम्ही. मी मागून."

तेवढ्यात बेल वाजली. फ्राउ बॉयम्ले. हातात नेहमीचं मोठं ग्राटिन, आणि त्याच्यावर फॉइलने झाकलेलं एक छोटं भांडं. नाना लसूण खायचे नाहीत म्हणून त्या दरवर्षी त्यांच्यासाठी वेगळं, बिनलसणीचं करायच्या. नाना गेल्याचं मी त्यांना जिन्यातच सांगितलं होतं. माझा हात धरून रडल्या होत्या. तरीही यंदा ते भांडं होतंच. आईंच्या रिकाम्या खुर्चीपुढे त्यांनी ते ठेवलं आणि ओट्याशी उभ्या असलेल्या आईंकडे बघून म्हणाल्या, "फ्यूर हेर्न आहो."

श्रीयुत आहोंसाठी.

हे आहो कोण? मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर हिवाळ्यात आमच्या जिन्यात आईंच्या हाका घुमायच्या. "अहो, मफलर!" "अहो, किल्ली राहिली!" "अहो, हळू, बर्फ आहे!" इतकी वर्षं ते ऐकून फ्राउ बॉयम्लेंना तेच नानांचं नाव वाटलं होतं!

मी घाईघाईने जर्मनमध्ये समजावायला लागले, "नाही, म्हणजे ते त्यांचं नाव नव्हतं..."

"काय सांगतेयस त्यांना?" आईंनी विचारलं.

"नाव चुकलंय म्हणून सांगतेय, आई."

आई ओट्यापासून आल्या. खुर्ची ओढली आणि बसल्या.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तेच नाव होतं. वाढ मला."