तीनदा मागायचे औषध

मार्कंड्याच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर, निसर्गोपचार करणारे एक डॉक्टर राहत. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. गडचिरोली तेव्हा चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातच होती. डॉक्टर वर्ध्याकडचे. त्यांच्याकडे गोळी नव्हती, सुई नव्हती. कुडाच्या दोन खोल्या, एक पडवी, जस्ताचे टब, एनिमाचे भांडे आणि सावलीत झाकून ठेवलेला मातीचा ढीग, एवढ्यावर त्यांचा दवाखाना चाले. माती बोडीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लहान तलावाच्या तळातून खणून आणत, उन्हात वाळवत, चाळत आणि मग भिजत घालत. सकाळी रोग्याच्या पोटावर आणि डोळ्यांवर तिची पट्टी असे. मग थंड पाण्याच्या टबात कमरेपर्यंत बसणे. कुणाला वाफारा, कुणाला अंगाला केळीची पाने गुंडाळून कोवळ्या उन्हात निजवणे. जेवणात कण्यांची पेज आणि उकडलेली भाजी, दोन्ही बिनमिठाची. काहींना नुसते लिंबूपाणी.

माझ्या आईचे पोट कित्येक वर्षे बिघडलेले होते. जेवले की जळजळ, नाही जेवले की डोकेदुखी. धानाची मळणी आटोपल्यावर वडील तिला बैलगाडीने तिथे घेऊन गेले. रोग्यासोबत घरचे एक माणूस राहावे असा डॉक्टरांचा नियम होता. सातवी होऊन मी घरीच होते, म्हणून मी गेले.

डॉक्टरांनी आईची जीभ पाहिली, पोट चाचपले आणि म्हणाले, "राहा, बाई. बरं वाटेल."

वडिलांना हे आवडले नाही. पडवीबाहेर येऊन ते मला म्हणाले, "लगेच हो म्हनला. याच्या औषधात दम नसंन."

आमच्या भागात झाडपाल्याचे औषध देणारा माणूस पहिल्यांदा मागितल्यावर ते कधीच देत नसे. "मले काई येत नाई बाप्पा, दुसरीकडं पाहा," असे तो म्हणायचा. मागणाऱ्याने वाद घालायचा नाही. 'बरं' म्हणायचे आणि त्याच्याच अंगणात बसून राहायचे. काही वेळाने पुन्हा मागायचे, पुन्हा 'नाही' ऐकायचे. तिसऱ्यांदा मागितले की तो उठून जंगलात जाई. सहज दिलेल्या औषधाला गुण येत नाही, अशी समजूत होती. वडील स्वतः काविळीची मुळी देत. तेही लोकांना असेच बसवून ठेवत आणि आतून मला विचारत, "हाये का अजून? बसू दे."

तरी आई राहिली. पहिल्याच सकाळी पोटावर माती थापल्यावर ती म्हणाली, "चुलीले पोतेरा देतेत तसा मले देऊन राह्यले. मी का चूल आहो?"

शेजारच्या खाटेवर मूल गावचे एक किराणा दुकानदार उपवासाला होते. ते म्हणाले, "बाई, चुलीवर काई शिजत असंन तर सांगा. मी लिंबावर जगून राह्यलो."

"शेठजी, तुमच्या दुकानातलं खाऊनच लोक इथी येतेत."

दुकानदार हसले. हसताना पोटावरची माती फुटते म्हणून डॉक्टरांनी दोघांनाही दटावले.

आईला गुण आला. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली तोवर ती घरी परतून धान कांडू लागली होती. वडील गावात सांगत, मातीत काहीतरी आहे. पुढे असेही म्हणत, "सहज देल्लं त एवढा गुण. अडवून देल्लं असतं त कितीक आला असता."

वैशाखात आईच्या बेंबीपाशी दुखू लागले. नंतर ते उजव्या कुशीत उतरले, उलट्या झाल्या, ताप आला. गावात दुसऱ्या कोणाचे नावही निघाले नाही. वडिलांनी गाडीत तणस अंथरली आणि आम्ही डॉक्टरांकडे आलो.

डॉक्टरांनी आईला फळीवर निजवले. उजवीकडे बोटांनी हळू दाबले आणि हात एकदम उचलला. आई विव्हळली. डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"भाऊ, याला माझ्याकडे उपाय नाही. माती नाही, पाणी नाही, काहीच नाही. पोट उघडावं लागेल. ताबडतोब चांद्याला न्या. तोंडातून काही देऊ नका."

"बरं," वडील म्हणाले.

डॉक्टरांना पलीकडच्या खेड्यातून बोलावणे आलेले होते. आम्ही निघतो आहोत अशा समजुतीने ते गेले. वडिलांनी बैल सोडले, मोहाच्या सावलीत मांडी घातली आणि मला जवळ बोलावले. त्यांचा चेहरा गाडीत होता त्यापेक्षा मोकळा दिसत होता.

"आता खरं औषध निघन," ते म्हणाले.

मलाही तसेच वाटले. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "घाई नको करू. बसू दे त्याइले."

संध्याकाळी डॉक्टर परतले आणि आम्हाला पाहून रागावले. वडिलांनी पुन्हा औषध मागितले. डॉक्टर म्हणाले, "मी नाही म्हणून सांगितलं ना? इथे माझा उपयोग नाही."

वडिलांनी मान खाली घातली. "बरं जी. पहाटे निघतो." अंधारात नदीच्या वाळूतून गाडी निघणार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ते मान्य केले.

पहाटे आईचे दुखणे एकाएकी कमी झाले. तिने मला पाणी मागितले आणि गाईची धार कोणी काढली असेल, असे विचारले. वडिलांना ही चांगली खूण वाटली. डॉक्टर नदीवरून आंघोळ करून आले, तर वडील मोहाखाली तसेच बसलेले. ते उठले आणि हात जोडले.

"तिसऱ्यांदा मांगतो, डाक्टर. आता द्या."

"काय देऊ?"

"जे रोखून ठेवलं ते."

डॉक्टरांना काही कळेना. मग वडिलांनी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. पहिले 'नाही' कशासाठी, दुसरे कशासाठी. रागावले नव्हते, नव्या माणसाला वाट दाखवावी तसे सांगत होते. डॉक्टर आत गेले. आईच्या पोटाला हात लावला. पोट फळीसारखे कडक झाले होते. बाहेर येऊन ते वडिलांच्या समोर जमिनीवर बसले.

"भाऊ, माझं 'नाही' हे खरंच 'नाही' होतं."

वडिलांनी कारण विचारले, "काऊन नाई?"

डॉक्टर उठले. त्यांनी स्वतः बैल आणून जुंपले आणि आमच्याबरोबर गाडीत चढले. नदीत पाणी थोडे आणि वाळू फार होती. चाके रुतत, तेव्हा डॉक्टर आणि वडील उतरून ढकलत. मूल गावाहून छोटी आगगाडी होती. आईचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर होते. तिला पुन्हा ताप चढला होता आणि ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती.

चांद्याच्या दवाखान्यातल्या सर्जनने आईला तपासले. विष पोटभर पसरले आहे, नाडी लागत नाही, टेबलावर घेतले तर तिथेच जाईल, असे त्यांनी सांगितले. ते निसर्गोपचार डॉक्टरांकडे पाहून बोलत होते. त्यांनी एकही कठोर शब्द उच्चारला नाही. डॉक्टरांनीही आपल्या बाजूने काही सांगितले नाही.

सर्जन आत गेल्यावर वडिलांनी डॉक्टरांची बाही धरली.

"हे 'नाई' कोनतं आहे?"

"खरं आहे, भाऊ."

"मी अजून विचारू का?"

"विचारा," डॉक्टर म्हणाले.

वडील आत जाऊन सर्जनला दुसऱ्यांदा विचारून आले; उत्तर तेच होते. व्हरांड्यातल्या खांबापाशी त्यांनी मांडी घातली. डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले. मी आईपाशी होते. दिवस मावळायच्या आत आई गेली. वडिलांचे तिसऱ्यांदा विचारणे राहून गेले.