मावशीचं मॉर्फिन

अन्याय झाला माझ्या मावशीवर, ऐंशी सालानंतरच्या दुष्काळात, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी; स्पिरिटचा वास आला की अजून डोकं तापतं. आयुष्यभर खडी फोडलेली ती, पोटाच्या कॅन्सरनं दवाखान्याच्या बाकावर कण्हत होती, आणि डॉक्टर मला समजावत होते, “मॉर्फिन चेतापेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग आतलं जी-प्रोटीन जागं होऊन पेशीला गप्प करतं. वेदनेचा निरोप पुढं जात नाही.” मावशी म्हणाली, “येवढं ठावं हाय, तर टोचा की डाक्टरसायब!” “सवय लागेल.” “जगले तर लागंल न्हवं?” मॉर्फिनच्या कपाटाचं कुलूप निघेना, म्हणून मी दारातच ठाण मांडलं. दुपारी डॉक्टरांनी कुलूप काढून सुई टोचली आणि कित्येक दिवसांनी मावशी शांत झोपली. ती आता नाही, मी अजून दारोदार हीच पत्रकं वाटतो. वाचून घडी घालू नका. उद्याच तुमच्या दवाखान्यात जा आणि विचारा, मॉर्फिन का देत नाही?