तिसऱ्या कपापर्यंत

परदेशी राहून आल्याने माणूस शहाणा होतो, ही समजूत आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी एकट्याच्या बळावर खोडून काढली आहे. सर तीन वर्षं इथिओपियातल्या एका विद्यापीठात शिकवून हिंगोलीला परतले, त्याला बराच काळ लोटला. पण बोलण्यातून ते अजून परतलेले नाहीत. प्रयोगशाळेतला नळ गळू दे, परीक्षेत मुलं कॉपी करताना सापडू देत, की एसटी चुकू दे, सरांचं वाक्य ठरलेलं: "तिकडे असं नसतं, मॅडम." तिकडेही नळ गळतच असणार, असं मी एकदा म्हटलं. सर जरा आठवून म्हणाले, "गळायचा. पण त्यावर कुणी चिडायचं नाही."

परदेशात शिकवून आलेल्या प्राध्यापकांचं अनुभवकथन आमच्याकडे दरवर्षी होतं. असे प्राध्यापक एकच असल्याने वक्ते दरवर्षी तेच, आणि श्रोतेही तेच, कारण हजेरी घेतात. त्यातला घड्याळाचा प्रसंग मला पाठ आहे. तिकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे तीन. सरांना पहिल्या तासाची वेळ तीन सांगितली होती. सर दुपारी जेवून, झोप काढून, टाय बांधून तीनला पोचले, तर वर्गात फक्त झाडणारी बाई. मुलं सकाळीच वाट बघून घरी गेली होती. दुसऱ्या कुणीही ही गोष्ट लपवली असती. सर ती त्या देशाच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतात आणि आपलं वेळापत्रकही सूर्याप्रमाणे लावावं, अशी सूचना करतात. त्या वेळी प्राचार्य पंख्याकडे बघत असतात.

पण खरा छळ कॉफीचा. शनिवारी तास संपले की सर स्टाफरूममध्ये विजेच्या शेगडीवर हिरव्या बिया भाजतात, खलबत्त्यात कुटतात आणि तिकडून आणलेल्या लांब मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात उकळतात. पहिल्यांदा धूर झाला तेव्हा शिपाई बादली घेऊन धावत आला होता. सोबत लाह्या. साखर मागितली तर सर मीठ पुढे करतात; तिकडे काही गावांत तसंच घेतात म्हणे. त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरा कप, मग तिसरा. तिसरा आशीर्वादाचा, आणि तो न घेता उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. आमचे लोक पहिल्याच कपाला फोन आल्याचं नाटक करून पसार होतात. मी नाटकही करत नाही. "भाजी घ्यायचीय," म्हणते आणि उठते.

एवढं सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण मध्ये शोभाचं प्रकरण आलं. शोभा आमच्या रसायनशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. सेनगावकडच्या एका तांड्यातली, हुशार मुलगी. मागच्या उन्हाळ्यात तिला सरांच्याच त्या जुन्या विद्यापीठात नोकरी मिळाली. घरचे पाठवायला तयार नव्हते. वडील म्हणाले, तिथं राहून आलेल्या माणसाला आधी विचारतो, मग काय ते सांगतो. झालं! पोरीचं सगळं नशीब सरांच्या तोंडावर येऊन ठेपलं. मी सरांना बजावलं, "घड्याळ काढायचं नाही. मीठ तर अजिबात नाही."

शनिवारी वडील आले. खुर्चीच्या टोकाशी बसले. एक घोट घेऊन म्हणाले, "कॉफी हाय का काढा?" शोभाने मान खाली घातली. मग त्यांनी कप ठेवला.

"सर, तिकडची मजाबिजा मला न्हाई ऐकायची. माझी पोरगी तिथं तापानं पडली तर तिला पाहील कोण? बराबर सांगा."

आता थोरवी सुरू होणार म्हणून मी खिडकीबाहेर बघू लागले.

"कुणी नाही," सर म्हणाले. शोभाचा चेहराच उतरला. "सुरुवातीला कुणीच नाही. मी पडलो होतो टायफॉइडने. भाषा येत नव्हती, सांगणार कुणाला? घरी फोनवर मजेत आहे म्हणायचो. मग शेजारच्या म्हातारीला माझं दार बंद दिसलं. ती शेगडी घेऊनच आत आली. हे असंच भाजलं, कुटलं. मला घोट जाईना. ती बसून राहिली. तिसरा कप पोटात गेला तेव्हाच उठली. मी हिंडायला लागेपर्यंत रोज येत होती." मग म्हणाले, "तकलीफ होईल तिला, दादा. रडेल पण. मी रडलो."

इतक्या वर्षांच्या भाषणांत ही म्हातारी एकदाही आली नव्हती.

वडिलांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. आता उठतात, असं मला वाटलं. त्यांनी कप पुढे केला.

"अजून किती राहिले?"

"दोन."

"घाला मग."

तिसरा कप संपवून त्यांनी तोंड पुसलं आणि लेकीकडे वळले. "शोभे, तू बी हे कुटायला शिकून घे. तिकडं कुणी दारात आलं, तर तुला करता येयाला पाहिजे."

शोभा गेली. सर सुधारले वगैरे काही नाहीत. यंदाच्या अनुभवकथनातही घड्याळच सांगितलं, म्हातारी नाही. शनिवारी मी आता तिसऱ्या कपापर्यंत बसते. आशीर्वाद वगैरे मला काही कळत नाही; नुसतं पातळ तपकिरी पाणी असतं. पण त्या कपाला सर गप्प असतात. भांड्याची लांब मान फडक्याने पुसत बसतात, आणि 'तिकडे' हा शब्दही काढत नाहीत.